आत्याबाईंचं ‘फसवं’

सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे: फसवं. बाहेर वास सुटलेला आणि आत कच्चा निघालेला फणस फसवा, भरलेलं दिसून आत रिकामं असलेलं भात फसवं, गुमान उभी राहून धारेला बसताच लाथ झाडणारी म्हैस फसवी. खोटं मात्र त्या म्हणत नसत. खोटं दुसरा बोलतो, फसवं आपल्याच डोळ्यांनी बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला त्याचा भारी कंटाळा यायचा. सगळ्यातच खोट काढायची म्हातारीची सवय, दुसरं काय!

एके वर्षी आमच्या उचगावात गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली. घराघरांत उंदीर मरून पडू लागले आणि गाव शेतात गवताच्या खोपी घालून राहिलं. मला सातवा लागला होता, पहिलंच बाळंतपण, पण साथीमुळं माहेरी जायची वाट बंद. खोपीत वारा शिरायचा, धूर मात्र बाहेर जायचा नाही. माझी दिवसभर नुसती उठबस चाले. मूल आपल्या घरातच व्हावं, एवढंच डोक्यात घेतलं होतं. दोन महिने झाले तरी आत्याबाई हलायचं नाव घेईनात.

परतण्याआधी घरात चुलीपाशी पीठ भुरभुरायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर उंदरांची पावलं बघायची, अशी तिथली रीत. माझं माहेर संकेश्वरचं, मी ती नुसती ऐकलेली. कुणाला न सांगता मी पीठ टाकून आले. दुसऱ्या दिवशी बघते तर पीठ जसंच्या तसं, कोरं. मला इतका आनंद झाला की परतताना चपला घालायचं विसरले.

शेजारच्या खोपीत माझी थोरली जाऊ होती. पिठाचं मी बोललेच नाही. नुसतं म्हटलं, “आक्का, घर साफ हाय. मी बघून आले. एक उंदीर न्हाय.”

“मग मी हुते म्होरं,” ती म्हणाली. “सारवून ठेवते. तू सावकाश ये गं.”

ती शेणाची पाटी घेऊन गेली. मग मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“पीठ कोरं? अगं येडे, फसवं हाय त्ये! उंदीर फिरला तर घर जित्तं. कोरं म्हंजे समदे उंदीर आत मरून पडल्यात.”

मी पोट सावरत धावले. आक्का सारवून हात धूत होती.

“वळकटीमागं चार मेल्याली हुतीत,” ती हसत म्हणाली. “टाकली उचलून. आता काय भ्या न्हाय.”

तिसऱ्या दिवशी तिच्या जांघेत गाठ आली. पाचव्या दिवशी ती गेली.

मला मुलगी झाली ती खोपीतच. घरचं कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आत्याबाईसुद्धा नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता सुना माळ्यावर सापळा लावतात आणि मी तो गुपचूप काढून ठेवते. घर फार शांत झालं की मला बसवत नाही. उठते, फडताळ उघडते, वळकट्या झटकते, चुलीमागं वाकून बघते. माळ्यावर उंदीर खुडबुडला की मगच माझा जीव भांड्यात पडतो.