साहेबांचा डबा

शेजारून अंबाडीच्या भाजीचा आंबट वास आला आणि आमचे जुने मॅनेजर वानखेडेसाहेब आठवले. परवा त्यांच्या शोकसभेत बँकेतले सगळेच त्यांच्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलले. मला मात्र तलमडुगूच्या शाखेतली एक दुपार दिसत होती. साहेब निवृत्त झाले होते, वहिनी नुकत्याच गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हा सगळ्यांना पुरेल एवढी भाजी रांधून घेऊन आले.

"साहेब, तुमी काऊन तरास घेता?" मी विचारलं.

"तरास कायचा? घरी नुसता भांड्यांचाच आवाज राह्यते," ते हसत म्हणाले.

आम्हीही हसलो.

आता मीही निवृत्त झालोय, एकटाच राहतो. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की घरात कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं.