ओझेलचा मुलगा मैदानात उतरला

टेव्हिन ट्रेडवेलचं नाव टीव्हीवर पुकारलं गेलं, त्या संध्याकाळी माझ्या सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. देशभरातले अमेरिकन फुटबॉलचे संघ नवी पोरं निवडत होते आणि जॉर्जियातल्या आमच्या कूपर्स बेंडच्या पोराला उत्तरेतल्या एका मोठ्या संघानं दुसऱ्याच फेरीत उचललं होतं. मिस लवॉन, त्याची आई, माझ्या दाढीच्या खुर्चीवर उभी राहून ओरडली. मागच्या अंगणात कॅटफिश कढईत करपून गेले, कुणाचं लक्ष नव्हतं. शेरीफनं रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजवत ठेवला तो थांबेचना.

एकटा बसून होता तो ओझेल, टेव्हिनचा बाप. उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन शेंगा सोलत होता. पोरगा गर्दीतून वाट काढत आला तेव्हा मात्र उठला. त्याला छातीशी धरून बराच वेळ उभा राहिला, आणि सोडताना म्हणाला, "आता तिथं ब्लॉक नीट करत जा."

दुकान हसून लोटपोट झालं. मी म्हटलं, "अरे ओझेल, तो रिसीव्हर आहे! लांब पळायचं, चेंडू झेलायचा, टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन करायचं. ब्लॉक कसला करतोय?"

"लूथर, चेंडू याच्याकडे येणार कितीदा? बाकीच्या वेळी काय, तिथं उभा राहून हवा खाणार?"

"डॅडी, आज तरी नको ना," टेव्हिन म्हणाला.

ओझेल असाच आहे. मी त्याला शाळेपासून ओळखतो. मी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचो आणि तो संघात गार्ड होता. गार्डाच्या हाती चेंडू कधीच येत नाही. समोरच्या गड्याला अंगानं अडवून धरायचं, म्हणजे आपला माणूस चेंडू घेऊन बाजूनं निसटतो. एवढंच त्याचं काम, आणि त्यालाच ब्लॉक म्हणतात. आम्ही राज्याचं अजिंक्यपद जिंकलं त्या वर्षी सगळ्या जॉर्जियात आमच्या पळणाऱ्या पोरांची नावं गाजली. ओझेलचं नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक झालं नाही. नंतर तो शेंगदाण्याच्या गिरणीत लागला, तो आजतागायत तिथंच आहे. दोन पोत्यांची जाडी असलेला माणूस, बोलणं मोजकं.

टेव्हिन अंगानं आईवर गेला, लांबसडक आणि हलका. चेंडू त्याच्या बोटांना चिकटायचा. पण ओझेल त्याला अंगणात आधी वेगळाच धडा द्यायचा. जुनी गादी दोरीनं स्वतःच्या छातीला बांधायचा आणि म्हणायचा, "ये, ढकल मला." पोरगं आपटायचं, रडायचं, पुन्हा उठायचं. मिस लवॉन खिडकीतून ओरडायची, "त्याचे दात पडले तर तुझे मी पाडीन!" शाळेत, मग कॉलेजात, टेव्हिननं इतके चेंडू झेलले की गादीची आठवण कुणाला राहिली नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात केस कमी कापले गेले आणि भाकितंच जास्त केली गेली. चर्चचे पास्टर म्हणाले, पोरगा पहिल्याच वर्षी हजार यार्ड पळणार. टायरवाला वर्जिल म्हणाला, हजार काय घेऊन बसलात, देशातला सर्वांत चांगला नवखा म्हणून त्यालाच बक्षीस मिळणार. शाळेच्या कुंपणावर टेव्हिनचं एवढं मोठं चित्र लागलं, पण ओझेल गिरणीला जाताना मान वर करूनसुद्धा बघायचा नाही. "बघ की जरा," मी म्हटलं. तो म्हणाला, "अजून केलंय काय त्यानं?"

आणि खरंच, सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दोन चेंडू टेव्हिनच्या हाताला लागून खाली पडले. दुसरा तर अगदी छातीवर आला होता. घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, ती आम्हाला इथं जॉर्जियात बसून ऐकू आली. दुकानात कुणी कुणाकडे बघेना. शेवटी वर्जिल बोलला, "हाताला लोणी लावून गेला होता काय?" मिस लवॉननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुढं महिनाभर वर्जिल दुसरीकडे केस कापायला गेला.

त्यानंतर टेव्हिन बाकावरच बसायला लागला. फोनवर बोलायचा नाही नीट. एका रविवारी मी ट्रेडवेलांच्या घरी जेवायला होतो तेव्हा त्याचा फोन आला. मिस लवॉननं तो स्पीकरवर टाकला.

"मम्मा, सगळं गाव हसत असेल ना मला?"

"गावाला हसायला रोज काहीतरी लागतंच, बाळा. तू जेवलास का?"

"मला चेंडूच देत नाहीत. सरावातसुद्धा. कोच म्हणतो, विश्वास बसायला वेळ लागेल."

ओझेल कोबीची भाजी चिवडत होता. मान वर न करता म्हणाला, "कोचला सांग, मला ब्लॉक करायला तरी पाठवा."

"डॅडी, मला त्यासाठी घेतलं नाहीये!"

"कशासाठी घेतलंय ते राहू दे. आत्ता बाकावर बसलायस ना? बाकावरून दिसतं काय? पाठी दिसतात माणसांच्या."

  पलीकडून हळूच आवाज आला, "पाय कुठं ठेवायचे म्हणालास, बाहेरच्या बाजूला की आतल्या?"

ओझेलनं काटा खाली ठेवला. खुर्ची फोनजवळ ओढली. आयुष्यात एवढं बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. पाय, कंबर, हाताचे पंजे, समोरच्याच्या छातीवर नेमकं कुठं धरायचं, सगळं सांगितलं. मध्येच उठला आणि मलाच भिंतीशी रेटून दाखवायला लागला, जणू फोनमधून पोराला दिसतंय. माझ्या खांद्याला दोन दिवस शेक द्यावा लागला.

टेव्हिननं खरंच कोचकडे जाऊन ते काम मागून घेतलं. थंडी पडायच्या सुमारास तो पुन्हा मैदानात दिसू लागला. चेंडू घेऊन पळायचा दुसराच कुणीतरी, आणि आमचा पोरगा पुढं जाऊन त्याची वाट मोकळी करून द्यायचा. कॉमेंट्रीवाले त्याचं नाव घ्यायचे नाहीत. पास्टर हळहळायचे, "एवढे सोन्यासारखे हात, आणि काम हमालाचं." ओझेल मात्र आता दर रविवारी दुकानात यायचा, कोपऱ्यात स्टूल घेऊन बसायचा आणि हुंकार द्यायचा. एकदा टेव्हिननं त्याच्या दीडपट माणसाला उचलून रेषेबाहेर नेऊन ठेवलं, तेव्हा ओझेलनं माझी मांडी एवढ्या जोरात दाबली की मी ओरडलो.

डिसेंबरात तो सामना आला. शेवटची काही मिनिटं, आमचा संघ मागं. टेव्हिन आत आला तसे सगळे म्हणाले, झालं, पुन्हा ढकलाढकली. समोरच्या गड्यालाही तेच वाटलं. इतके आठवडे टेव्हिनचा मार खाल्लेल्यांच्या चित्रफिती पाहून आलेला तो, पाय रोवून, खांदा पुढं काढून तयार उभा राहिला. टेव्हिन वाकला, त्याच्या अंगावर गेला, आणि शेवटच्या क्षणी बाजूनं सटकला. पुढं सगळं मैदान मोकळं. क्वार्टरबॅकनं चेंडू उंच फेकला.  तो टेव्हिनच्या दोन्ही हातांत अलगद उतरला आणि पोरगा टचडाउनच्या रेषेपलीकडे जाऊन पडला.

छप्पर उडायचं बाकी राहिलं. पास्टर नाचत होते. परत यायला लागलेला वर्जिल रडत होता. मिस लवॉन तर दुकानाबाहेर रस्त्यावर पळत गेली होती.

"कुणी झेलला?" ओझेल गोंधळून विचारत होता. "कुणी झेलला रे?"

"अरे, तुझ्या पोरानं! बघत कुठं होतास?"

"मी गार्डकडे बघत होतो," तो म्हणाला.

टीव्हीवर पुन्हा दाखवलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला पुढं ढकललं. त्यानं पोराचं वाकणं पाहिलं, सटकणं पाहिलं, झेल पाहिला. मग तोंडावर दोन्ही हात घेऊन तो स्टुलावर बसला. त्याचे खांदे हलत होते. मी टीव्हीचा आवाज वाढवला, लोकांनी तिकडं बघावं म्हणून.

हजार यार्ड काही झाले नाहीत. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. पण कोचनं वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी हा पोरगा पहिल्यापासून मैदानात असेल.

जानेवारीत टेव्हिन घरी आला तो त्या दिवशीची जर्सी घेऊन, गवताच्या डागांसकट. मिस लवॉन ती धुवायला घेऊन चालली होती. ओझेलनं हातातून काढून घेतली. रविवारी तो चर्चला आला तेव्हा पांढरा शर्ट, टाय, आणि वरून ती जर्सी. पोटावर ताणून ताणून तिची खांद्यावरची शिवण उसवली होती.

"काढ ते," मिस लवॉन दारातच म्हणाली. "देवाच्या घरी आलोय आपण."

"देवानंही पाहिला असेल सामना," ओझेल म्हणाला आणि सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसला. आजवर तो तिथं कधी बसला नव्हता. लोक एकेक करून हात मिळवायला येत होते, पास्टर खोळंबून उभे होते. शेवटी मिस लवॉन त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि खांद्यावरची उसवलेली शिवण बोटांनी जुळवून धरून तिनं सगळं प्रवचन ऐकलं.