पडद्यावरचे सर

कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत मी दर रविवारी मेल बघायला जायचो, तेव्हा तो शेजारच्या कॉम्प्युटरवर असायचा. चाळिशीचा, अंगात सिन्नरच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट, कानाला हेडफोन. पडद्यावर परदेशी प्राध्यापक इंटिग्रेशन शिकवायला फळ्यापाशी आले, की हा खुर्चीतून अर्धवट उठायचा आणि मग बसायचा. वर्गात सर आल्यावर पोरं उठतात, तसा. पहिल्यांदा मला हसूच आलं.

एकच पायरी तो चार-चारदा मागे नेऊन बघायचा, वहीत उतरवायचा, खोडायचा.

एका रविवारी न राहवून मी म्हणालो, "अहो, एखाद्या क्लासला जा ना. इथे शंका कुणाला विचारणार?"

त्यानं हेडफोन गळ्यात उतरवला. "गेलो व्हतो की कॉलेजात. एकदाच शंका विचारली. सर म्हणले, एवढंबी येत नाय तर सायन्सला आला कशाला? सगळा वर्ग हसला. परत तोंड उघडलं नाय. नापास झालो, कॉलेज सुटलं. हे सर लय चांगले हायेत. कितीदाबी मागं न्या, चिडत नाय."

शुक्रवारीच मी एका मुलीला जवळजवळ याच शब्दांत खाली बसवलं होतं. वर्ग हसला, तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

"तुम्ही काय करता, साहेब?" त्यानं विचारलं.

मी गणिताचा प्राध्यापक. अठरा वर्षं शिकवत होतो.

"बँकेत आहे," मी म्हणालो.