सोपानरावांचा उजवा पाय

ही गोष्ट मी पंचवीसेक वर्षं टाळली. डॉक्टर मित्र जमले की म्हणायचे, तो गजीवाला पेशंट सांग. मी विषय बदलायचो. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्या कौतुकाची आहे, आणि अर्धीच आहे.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं हाडांचं छोटं हॉस्पिटल होतं. भूल द्यायला माझी बायकोच, सुमन. सांगवीचे सोपानराव (नाव बदललंय) पाठ धरून आत आले ते हसतच. घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. स्वतः इंदापूरला ट्रॅक्टरच्या गॅरेजात मेस्त्री. शिवाय गावच्या गजीमंडळाचे म्होरके. गजी म्हणजे ढोलाच्या तालावर, हातात रुमाल घेऊन, रिंगण धरून करायचा नाच.

"यात्रेपतुर पाठ सरळ करा, डॉक्टर," ते म्हणाले. "ढोल वाजल्यावर मी बसून ऱ्हायलो तर बिरोबा हसंल मला."

इंदापूरच्या डॉक्टरांनी मला आधीच फोन केला होता. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे.

एक्स-रेत एक मणका चेपलेला दिसला. एचआयव्ही आणि असा मणका म्हणजे टीबीच, असं आम्ही तेव्हा धरूनच चालायचो. पण एक खूण असते. टीबी सहसा दोन मणक्यांमधली चकती खातो. कॅन्सर मणका पोखरतो, चकती सोडतो. सोपानरावांची चकती शाबूत होती. अशा वेळी जाड सुईनं मणक्यातला तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सी. त्या सुईचीच मला भीती वाटली. चुकून माझ्याच हाताला टोचली तर? मी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

महिन्याभरानं दोघांनी धरून त्यांना आत आणलं. पाय उचलत नव्हते.

"गोळ्या जोरदार हायत," ते म्हणाले. "लघवी पार शेंदरी झालीया. पाय तेवढं रुसल्यात."

त्यांना बाहेर बसवून मी गोळ्या बदलायचं बोलू लागलो. सुमननं एक्स-रे उजेडाकडे धरला.

"अहो, चकती दिसतेय ना?"

"दिसतेय."

"मग टीबी कशावरून? सुई घालायची नाही म्हणून?"

मी गोळ्यांची चिठ्ठी पुढे ओढली. ती म्हणाली, "मी शेजारी उभी राहते. टोचलीच तर दोघांना टोचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायोप्सी केली. मी दोन-दोन हातमोजे, गॉगल आणि प्लास्टिकचा एप्रन चढवला. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. पालथे पडलेले सोपानराव मान वळवून म्हणाले, "आग्या मोहोळ काढाया निघालाय व्हय, डॉक्टर?" सुमन इतकी हसली की तिचा मास्क घसरला. टोचली कुणालाच नाही.

रिपोर्ट आला: लिम्फोमा. हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. एचआयव्ही असलेल्यांत तो जास्त होतो. कधी मणक्यात वाढून आतला मज्जारज्जू दाबतो, मग पाय जातात. पण लवकर गाठला तर शेक, म्हणजे रेडिएशन, आणि औषधांनी तो विरघळतोही. मी त्यांना तातडीनं पुण्याला पाठवलं. काही महिन्यांनी ते स्वतःच्या पायांनी माझ्या दारात उभे राहिले. डावा पाय पुरता सुधारला. उजवा घसटत राहिला. मज्जारज्जू जास्त दिवस दबला होता. ते दिवस मी घालवले होते.

यात्रेचं आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. ढोल सुरू झाला. सोपानराव पुढे, रुमाल उडवत, उजवा पाय घसटत. आणि मागचं अख्खं मंडळ त्यांच्यासारखाच उजवा पाय घसटत नाचत होतं. त्यांना एकट्याला मागं पडू द्यायचं नाही म्हणून सगळ्यांनी चालच बदलली होती. लोकांना ती भलतीच आवडली.

नाच संपल्यावर ते घामेजून माझ्याशेजारी टेकले.

"सोपानराव, पायाबद्दल जरा बोलायचं होतं."

"त्यात काय बोलायचं? तुमच्यामुळं तर हाय समदं," म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला भंडारा लावला. सुमन माझ्याकडे बघत होती. मी पंगतीला जाऊन बसलो.

एचआयव्हीवरची औषधं तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हती. आणखी एक यात्रा नाचून ते गेले.

त्यानंतर शंका असलेल्या एकाही मणक्याला मी तुकडा तपासल्याशिवाय टीबी म्हटलं नाही. भीती वाटली तर हातमोजे आणखी घालावेत, रोगाचं निदान बदलू नये.

त्यांचं मंडळ अजून उजवा पाय घसटत नाचतं. नवी पोरं म्हणतात, ही आमची जुनी चाल. मी रिंगणाबाहेर उभा असतो, आणि त्या दिवशीचं वाक्य तोंडात तसंच असतं: सोपानराव, चकती मला पहिल्याच दिवशी दिसली होती. माफ करा.