न वाचता दाबलेलं ‘होय’

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कडा गावाच्या अलीकडं आमच्या दूध सोसायटीनं गुरांची छावणी चालवली. मी तिथला कारकून. छावणीत किती गुरं आहेत याची हजेरी रोज चारच्या आत कॉम्प्युटरवरून तालुक्याला पाठवायची. ती पोचली तरच दुसऱ्या दिवशी उसाच्या वाढ्यांचा ट्रक यायचा. हजेरी नाही तर चारा नाही.

सोसायटीचा कॉम्प्युटर चांगलाच जुना. धुळीसाठी टॉवेल गुंडाळलेला, दसऱ्याचं कुंकू तसंच.

एके दुपारी पडद्यावर भलीमोठी सूचना आली. खाली ‘होय’ आणि ‘नंतर’. आता सोसायटीत मुरलेल्या माणसाची खोड सांगतो. आमच्या वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत मंडळी ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात आणि चपला शोधायला लागतात. माझा जन्म त्यातच गेला. मी एक ओळही न वाचता ‘होय’ दाबलं.

जुनं सॉफ्टवेअर निघून गेलं, नवं आलं आणि उघडेचना. ‘या प्रोसेसरवर चालणार नाही,’ एवढंच पडद्यावर. घड्याळात अडीच. मशीन मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं आणि गावातल्या मेकॅनिकचं दुकान गाठलं.

त्यानं मशीन उघडून पाहिलं. “मशीन ठणठणीत हाय, भाऊ. पर नव्या सॉफ्टवेअरला हा प्रोसेसर चालत न्हाई. कशाला दाबलं? जुन्या मशीनवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत जुनंच चालवावं, नवं घेऊ नये, असं लिवलंय त्या सूचनेत. सकाळीच एका सोसायटीवाल्यानं दाखवलंतं मला.”

“मग जुनं परत घाल की!”

“कुठून घालू? सॉफ्टवेअरवाल्यांनी जुनं साइटवरनं काढूनच टाकलं.”

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवावं, तर नोंदणी याच मशीनची. तालुक्याला फोन केला. कागदावरची हजेरी घेत नाही म्हणाले. तेवढ्यात चार वाजले.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही. बैल रिकाम्या गव्हाणीत जीभ फिरवत होते, म्हशी रस्त्याकडं बघून हंबरत होत्या. मला लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, कुणी विचारलं तर काय सांगू याची. मी टेबलामागं उगाच कागद चाळत बसलो.

एकाच गाईवर घर चालवणारी एक म्हातारी चहाचा पेला घेऊन आली.

“लई पळापळ केली तुमी काल. मशीनच म्हातारं, तुमी तरी काय करणार? घ्या. गाईनं आज एवढंच दिलं, समदं चहात घातलंय.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

“व्हय, म्हातारंच हाय ते,” म्हणालो आणि चहा प्यायलो.