चैत्रात उतरलेला स्वेटर

वडनेर भोलजीत सत्यभामाबाईच्या विणकामाची चेष्टा झाली नाही, असं घर शोधून सापडलं नसतं. एकोणीसशे त्रेसष्टच्या दिवाळीत, पस्तिशीला आल्यावर, ती महिला मंडळात सुया धरायला शिकली. कारण एकच, सहदेव. हा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा, आईविना पोर. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता तो फौजेत, लडाखला होता. सरकार त्याला गरम कपडे देत असणार, हे तिलाही कळत होतं. पण वहिनीच्या हातचं काहीतरी त्याच्या अंगावर असावं, आणि याच हिवाळ्यात असावं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि तसं त्याला पत्रातून कळवलंही होतं.

पंचाईत अशी, की आमच्याकडे थंडी आणि कापसाची वेचणी बरोबरच येतात. बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटतात, आणि फाटक्या बोटांत लोकर अडकते. तिनं बोटांना तेल चोळून पाहिलं, तर लोकरीवर डाग पडले. मंडळाच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "द्या इकडे, आठवड्यात करून देते."

"नाई बाई," सत्यभामाबाई म्हणाली. "माह्या हातानं होईन तवा होईन."

पाठ संक्रांतीला झाली, पुढची बाजू होळीला आणि बाह्या थेट रामनवमीला. तोवर ऊन असं तापलं की लोकर मांडीवर घेववेना. नवरा भाऊराव खाटेवरून म्हणाला, "आता पाठवशीन त पोराले घामोळ्या येतीन. ठेव पुढल्या सालाले." सगळं घर हसलं. तीही हसली, पण आत गेल्यावर तिला रडू आवरेना. पोराचा एक हिवाळा तिच्या हातून निसटला होता. कडुनिंबाचा पाला घालून तिनं स्वेटर पेटीत ठेवला. चैत्रानंतरही कुठे थंडी असते, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

अक्षय्यतृतीयेला सहदेवचं पत्र आलं. भाऊरावनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

"वयनी, इथं अजून रात्री बालटीतलं पाणी गोठते. स्वेटर झाला काय, हे मी मुद्दाम पुसलं नाही. वेचणीत तुये हात कसे होतात, मले मालूम हाय. पण झाला असन त पाठव. एक बाही कमी असली तरी चालते."

भाऊरावनंच पेटी उघडली, पाला झटकला, आणि पार्सल शिवायला मांजरपाटाचा तुकडा शोधून आणला.

भर दुपारी दोघं टपाल कचेरीत गेली. टपालबाबूनं पार्सल दाबून पाहिलं. "लोकर? अन् या उन्हात?"

"ऊन आपल्याकडं हाय, बाबूजी," भाऊराव म्हणाला. "आमच्या पोराकडं नाई."

घरी येताच सत्यभामाबाईनं उरलेल्या लोकरीच्या मोज्यांचे टाके सुयांवर घातले. भाऊरावनं विचारलं, "हे कधी होतीन?"

"होतीन तवा होतीन," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच निवांत विणत बसली. कापूस, पेरणी, निंदण, काही का मध्ये येईना. तिचं पोर होतं तिथं थंडी सरतच नव्हती, त्यामुळे तिला आता कधीच उशीर होणार नव्हता.