झाडून दिलेला सर्व्हर

फोनवर वडीलधारं माणूस असलं की राजदीप खुर्चीतून उठून उभा राहायचा. पलीकडच्याला ते दिसत नसलं तरी. कीबोर्डला हात लावण्याआधी तळवे पँटला पुसायचा. डब्यातली पहिली भाकरी दुसऱ्याला द्यायचा, शेवभाजी मात्र कुणाला देत नसे. नवा माणूस भेटला की आधी गाव विचारायचा, नाव नंतर.

शिल्पाला हे सगळं पाठ होतं. जळगावच्या एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेत दोघं शेजारी बसत. ती मराठीत एम. ए., वेबसाइटवरच्या सूचना लिहायची. तो वेबसाइट सांभाळायचा. गावोगावची मुलं आपल्या दाखल्यांचे फोटो फोनवरून तिथे चढवत. ज्यांना जमत नसे त्यांच्या घरी राजदीप जाई.

धुळ्याजवळ कापडण्याला द्रौपदाबाईंकडे तो असाच गेला होता. त्यांची मुलगी विशाखा नर्सिंगला. जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. राजदीपने तो खाटेवर पसरला, फोटो काढला, चढवला आणि दुसऱ्याचा कागद म्हणून आपल्या फोनमधून पुसून टाकला.

पुढे उन्हाळ्यात द्रौपदाबाईंचं घर जळालं. आजोबांच्या शाळेतलं जुनं दप्तर, सगळ्या नोंदवह्या, वाळवीने आधीच खाल्लं होतं. त्यांचा फोन आला. राजदीप उभा राहिला.

"बठ्ठं जळी गयं, भाऊ. पन कागद तुनाकडे शे ना?"

"आहे, मावशी. जपून ठेवलाय. तुम्ही निर्धास्त राहा."

संस्थेचा सर्व्हर तेव्हा धुळ्यात होता, रोनक नावाच्या तरुणाकडून भाड्याने घेतलेला. मग संस्थेने जळगावात स्वतःचा घेतला. बिऱ्हाड हलवायचं काम राजदीपकडे आलं. अख्खी वेबसाइट एकाच फाइलमध्ये बांधायची, नव्या सर्व्हरवर नेऊन सोडायची. गाठोड्यासारखं. त्याने गाठोडं बांधलं ते आपल्या संगणकावरच्या कोऱ्या प्रतीचं. मुलांची नावं-गावं वेगळी नेली, तीही नीट उतरली. साइट उघडली. यादी दिसली. सगळ्यांनी चहा घेतला.

मग त्याने धुळ्याचा सर्व्हर पुसून काढला. कुणी सांगितलं नव्हतं. पिंप्राळ्यात तो भाड्याच्या खोल्यांमधून वाढला होता. खोली सोडताना त्याची आई फरशी झाडून, पुसून मगच किल्ली परत करायची. केर मागे ठेवून जाणाऱ्याला लोक नावं ठेवतात, असं ती म्हणायची.

काही दिवसांनी शिल्पाने एका मुलाचा दाखला उघडला. रिकामी चौकट. दुसऱ्याचा उघडला. तीच चौकट.

"राजदीप, हे बघ रे."

त्याने बघितलं. तळवे पुसायचं विसरून त्याने कीबोर्ड ओढला. दाखल्यांचे फोटो धुळ्याच्या चालत्या साइटच्या पोटात साठत गेले होते. कोऱ्या प्रतीत ते कधी नव्हतेच. साइट पुसली, तेही गेले. बॅकअप रोज निघत होता, पण फक्त नावा-गावांचा.

दोघं धुळ्याला गेले. रोनकचं ऑफिस वडिलांच्या कापड दुकानाच्या माळ्यावर.

"अरे भाऊ, गाळा रिकामा झाला, मी दुसऱ्याला दिला," रोनक म्हणाला. "तूच म्हणालास ना, चकाचक करून देतोय?"

"डिस्क तरी दे, रोनक."

"तिच्यावर जामनेरच्या एका व्यापाऱ्याचं काम चालू आहे."

राजदीप खुर्ची ओढून यंत्रासमोर बसला. रोनकने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि यंत्र बंद केलं.

"व्यापाऱ्याच्या शिव्या मी खातो. पण डिस्क इथून हलणार नाही. इथेच बसून शोध."

बाकीच्या मुलांना दाखले पुन्हा चढवायला सांगितलं. त्यांनी कटकट केली, चढवले. उरला एक कागद.

पुसलेलं परत काढणारा प्रोग्रॅम लावला. फोटो निघाले, पण त्यांची नावं गेली होती. कुणाचा कोणता, कळायला मार्ग नव्हता. काही अर्धेच होते, खाली नुसता राखाडी रंग. एकेक उघडून डोळ्यांनीच बघायचा. राजदीप सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला. मग रजा टाकून. मग न सांगता.

द्रौपदाबाईंचा पुन्हा फोन आला. सुनावणीची तारीख लागली होती. कागद काढून ठेव, म्हणाल्या. तो उभा होता.

"हो मावशी."

फोन ठेवल्यावर शिल्पा म्हणाली, "खरं सांगून टाक त्यांना."

"काय सांगू? तुमचा कागद मी केरात काढला?"

"निदान दुसरा पुरावा शोधतील."

"कुठे शोधतील गं? राखेत?" तो हेल्मेट उचलून निघाला.

त्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने त्याच्या दुचाकीला उडवलं. तो जागीच गेला. रोनकचा फोन आला तेव्हा शिल्पा सुनावणीबद्दलचीच सूचना लिहीत होती. रोनक काय म्हणाला ते तिला कळलं. ती "बरं" म्हणाली. बरं का म्हणाली, ते तिला अजून कळलेलं नाही.

सुनावणी सोमवारी आहे. शिल्पा काल धुळ्याला गेली. रोनक बाजूला झाला, म्हणाला, "मी कशालाही हात लावला नाही, ताई."

पडद्यावर दोन फोल्डर होते. एकाला राजदीपने नाव दिलं होतं, 'बघितले'. दुसऱ्यात न उघडलेले फोटो, खाली सरकवत गेलं तरी न संपणारे. मध्ये एक उघडाच राहिला होता. कुणाचं तरी रेशनकार्ड, अर्धं राखाडी. ते 'बघितले'मध्ये टाकायचं राहून गेलं होतं.